नाव देण्याआधी त्याची आई शोध

खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे ते थोडक्यात असं. तो बेळगावात एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. डिसेंबरमध्ये वर्गाची सहल कारवारला गेली, तेव्हा काळी नदीच्या मुखाबाहेर होडीतून प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांची, जाळी ओढली. त्या पाण्यात खेकड्याचे सात झोइया, म्हणजे अंड्यातून निघून तरंगणारी पोरं, असे मिळाले की हाताशी असलेल्या ओळख पटवायच्या कुठल्याच तक्त्यात ते बसत नाहीत. पाठीवरचा काटा वाकलेला आहे आणि कवचाला बाजूचे काटे अजिबात नाहीत. नमुने फॉर्मलिनमध्ये ठेवले आहेत. ‘मॅडम, ही नवी प्रजाती म्हणून नाव देऊन छापता येईल का? आणि आपल्या भागात समुद्र नाही, तर इथे राहून या विषयात काही होण्यासारखं आहे का?’

नियमाने विचारशील तर नाव देता येईल. माझं मत विचारशील तर आत्ता देऊ नकोस. ही दोन उत्तरं वेगळी का, ते कळायला मला बरीच वर्षं लागली. म्हणून जरा लांबण लावते. सवडीने वाच.

आधी नियम. प्राण्यांची नावं ठेवण्याची एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नाव प्राण्याच्या एखाद्या भागावरून किंवा आयुष्यातल्या एखाद्या अवस्थेवरून ठेवलं, एवढ्याच कारणाने ते बाद होत नाही, असं तिचं कलम १७ सांगतं. म्हणजे तुझ्या सातांतला एक झोइया आधारनमुना, ज्याला होलोटाइप म्हणतात तो, ठरवलास, वर्णन लिहिलंस, ही नवी प्रजाती आहे असं स्पष्ट म्हटलंस आणि नमुना कुठल्या संग्रहात ठेवला ते छापलंस, तर नाव ग्राह्य. एकदा ग्राह्य झालेलं नाव मात्र मागे घेता येत नाही. ते चूक निघालं तरी प्रजातीच्या नावांच्या यादीत कायमचं राहतं आणि पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला ते उलगडत बसावं लागतं.

अशी उलगडायची नावं या विषयात ढिगाने पडली आहेत, कारण विषयाची सुरुवातच तशी झाली. कोपेपॉड या पाण्यातल्या बारीक कवचधारींच्या आणि इतर कवचधारींच्या पहिल्या अवस्थेला आपण नॉप्लियस म्हणतो. हा शब्द ओटो फ्रीड्रिख म्यूलर यांनी १७८५ साली वापरला तो वेगळ्या, पूर्ण वाढलेल्या प्राण्याचं नाव म्हणून. बॉस्क यांनी १८०२ साली झोइया हे नाव दिलं, तेही एका स्वतंत्र गणाला, म्हणजे जीनसला. झोइयानंतरची, खेकडा होण्याआधीची अवस्था म्हणजे मेगालोपा, तिचं लीच यांनी १८१३ साली तसंच केलं. तू आज परीक्षेत अवस्थांची नावं म्हणून जी लिहितोस ती सगळी एकेकाळी नव्या प्राण्यांची नावं होती. आणि ही थोर माणसं होती, निरीक्षणात कच्ची नव्हती. त्यांच्यासमोर फक्त एक क्षण होता, तो प्राणी उद्या काय होणार हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

ते पाहिलं जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी. आयर्लंडमधल्या कॉर्कला राहणारे लष्करी डॉक्टर. त्यांनी समुद्राचं पाणी गाळून मिळालेले जीव मारून बाटलीत भरले नाहीत, काचेच्या भांड्यात जिवंत ठेवले आणि रोज बघत राहिले. झोइया हे खेकड्याचं पोर आहे, हे त्यांनी १८२८ साली मांडलं. खडकांना आणि होड्यांच्या बुडाला चिकटणारे बार्नकल हे शिंपल्यांचे नव्हे तर खेकड्या-कोळंबीचे नातेवाईक आहेत, हेही १८३० साली त्यांच्या पोरांवरूनच सिद्ध केलं.

लोकांनी लगेच मानलं असं नाही. राथके यांनी १८२९ साली गोड्या पाण्यातल्या क्रेफिशची वाढ फार सुंदर अभ्यासून दाखवली. त्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेच आईसारखं, मध्ये झोइया वगैरे काही नाही. मग समुद्रातल्या खेकड्यात तरी कसा असेल, असा विरोधकांचा मुद्दा होता.

हा मुद्दा तुझ्या-माझ्यासारख्याला मनापासून पटेल, कारण आपण तेच पाहत लहानाचे मोठे झालो. पहिला पाऊस झाला की रात्री बॅटरी घेऊन शेताच्या बांधावर खेकडे धरायला गेला असशील. मादीच्या पोटाखालची झडप उघडली की आत मुगाएवढी पिल्लं वळवळत असतात, आठ पाय आणि दोन नांग्यांसकट, पूर्ण खेकडे. सह्याद्रीतल्या नदी-ओढ्यांचे आणि शेतातले खेकडे असेच वाढतात. त्यांच्यात तरंगणारी पोरं नसतातच. वाहत्या ओढ्यात ती कुठल्या कुठे वाहून जातील. कारवारच्या वाळूत आणि खारफुटीत राहणाऱ्या खेकड्याचं गणित उलटं आहे. तो लाखांनी अंडी घालतो, पोरं समुद्रावर सोडतो आणि त्यातली मोजकी परत किनाऱ्याला लागतात. म्हणून घाटावर वाढलेल्या माणसाने खेकड्याची पोरं अभ्यासायला घेतली की आधी आपला डोळा बदलावा लागतो.

उलट दिशेची चूकही होते. आपल्या बाजारात सुका जवळा मिळतो. बऱ्याच घरांत तो कोळंबीची पिल्लं म्हणून ओळखला जातो. तो पिल्लू नाही. ॲसेटिस गणातली ती पूर्ण वाढलेली कोळंबी आहे, एवढीच राहते. लहान दिसलं म्हणून पोर आणि वेगळं दिसलं म्हणून नवं, या दोन्ही सवयी या कामात सोडाव्या लागतात.

आता कुणी म्हणेल, ही दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट, आज अशी चूक कोण करतं? दोन उदाहरणं देते, दोन्ही आपल्या काळात सुटलेली. सिराटॅस्पिस मॉन्स्ट्रोसा हे नाव ग्रे यांनी १८२८ साली दिलं. जाड कवचाचा, शिंगंशिंगं असलेला, शिकारी माशांच्या पोटात सापडणारा एक विचित्र लार्वा, म्हणजे पोर-अवस्थेतला जीव. त्याचे आईबाप कोण, ते पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ कुणालाच कळलं नाही. २०१२ साली हेदर ब्रॅकन-ग्रिसम आणि सहकाऱ्यांनी मेक्सिकोच्या आखातातल्या नमुन्याचा डीएनए खोल समुद्रातल्या कोळंब्यांशी ताडून पाहिला. तो प्लेसियोपिनियस आर्माटस या कोळंबीशी जुळला. त्या कोळंबीला नाव पडलं होतं १८८१ साली. लार्वाचं नाव तिच्याहून जुनं, म्हणून नियमाप्रमाणे कोळंबीचं नाव गेलं आणि लार्वाचं टिकलं. आईला पोराचं नाव लावावं लागलं.

दुसरं उदाहरण मला जास्त हलवून गेलं. ॲम्फिओनिडीस नावाचा एक पारदर्शक, पानासारखा चपटा जीव आहे. त्याच्यासाठी १९७३ साली विल्यमसन यांनी आख्खा एक वेगळा गट, म्हणजे ऑर्डर, उभा केला. खेकडे, कोळंब्या, शेवंड मिळून एक ऑर्डर होते, तेव्हा ही किती मोठी गोष्ट ते तुला कळेल. २०१५ साली डीएनएने दाखवलं की ते सगळे नमुने म्हणजे एका साध्या कोळंबी-कुळातली पोरं आहेत. ऑर्डर संपली. मी स्वतः वर्गात कित्येक वर्षं ती ऑर्डर फळ्यावर लिहून शिकवली होती.

याला एक खरा अपवाद आहे आणि तो तुला ठाऊक असायला हवा. हान्सेन यांनी १८९९ साली काही नॉप्लियसांचं वर्णन केलं, ते कुणाचे हे न कळल्यामुळे त्यांना नुसतं ‘वाय’ म्हटलं. आजही ते वाय-लार्वा म्हणूनच ओळखले जातात. सव्वाशे वर्षं झाली, त्यांचा प्रौढ कुणी पाहिलेला नाही. २००८ साली ग्लेनर, होइग, ग्रायगिअर आणि फुजिता यांनी ओकिनावातल्या या पोरांना कात टाकायला लावणारं संप्रेरक दिलं, तेव्हा त्यातून गोगलगायीसारखा मऊ, पाय-डोळे नसलेला जीव बाहेर आला. म्हणजे प्रौढ बहुधा कुणाच्या तरी शरीरात परजीवी होऊन राहत असावा. अशा गटात लार्वावरूनच नाव देणं भाग आहे. इतो यांनी १९८५ साली त्यासाठी हान्सेनोकारिस हा गण केला आणि त्यात आजही नव्या प्रजाती लार्वावरून वर्णिल्या जातात. पण काम कसं करतात ते बघ. एकेक नॉप्लियस वेगळ्या खळग्यात जिवंत वाढवतात, त्याने टाकलेली कात जपतात, पुढची अवस्था येईपर्यंत थांबतात, आणि मग दोन्ही अवस्था एकाच जिवाच्या म्हणून जोडून देतात. नाव शेवटी येतं.

तुझा झोइया असा अनाथ नाही. त्याचे आईबाप बहुतेक कोडीबागच्या किंवा सदाशिवगडच्या बाजूला चिखलात बसलेले आहेत.

हे मी कशावरून म्हणते? तू लिहिलेल्या खुणांवरून. बाजूचे काटे नसणं हे तुला नवल वाटलं, पण सेसार्मिडी आणि ग्रॅप्सिडी या कुळांच्या झोइयांना ते नसतातच. ही कुळं खारफुटीत आणि खाडीच्या खडकांवर राहणारी. काळीच्या मुखात ती असणारच. आपल्या किनाऱ्यावरच्या अशा खेकड्यांत प्रौढाला नाव आहे पण पोराचं चित्र कधीच कुणी काढलेलं नाही, असे पुष्कळ आहेत. म्हणून तुझ्या तक्त्यात न बसणारा झोइया सापडला, तर त्याचा सगळ्यात साधा अर्थ असा की तक्ता अपुरा आहे. प्रजाती नवी असेलही, पण ते नंतर. वाकलेल्या काट्यावर तर इतक्यात काहीच बांधू नकोस. जाळीच्या बादलीत दाबून किंवा फॉर्मलिनमध्ये आखडूनही काटा वाकतो. सातही नमुन्यांत तो एकाच जागी, एकाच कोनात वाकला आहे का, हे आधी मोज.

दुसरं, तुझे सात झोइया कितव्या टप्प्यातले आहेत हे तू लिहिलेलंच नाहीस. ही चूक मी केलेली आहे म्हणून ती मला लगेच दिसते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत कारवारच्याच पाण्यात मला एक झोइया मिळाला. छापलेल्या वर्णनात शेपटीच्या फाट्यावर केसांच्या तीन जोड्या होत्या, माझ्याकडे चार. चार महिने मी त्याची चित्रं काढली. बेळगावात घरी, रात्री, जेवणं झाल्यावर. आई म्हणायची, ‘गावात समुद्र नाही आन् त्यातलं एवढंसं काय बघूलालीस?’ नाव काय द्यायचं तेसुद्धा ठरवलं होतं. मग एका ज्येष्ठ अभ्यासकाने स्लाइड पाहून एकच प्रश्न विचारला: डोळ्यांना देठ आहे का? होता. छापलेलं वर्णन पहिल्या टप्प्याचं होतं आणि माझ्याकडचा जीव तिसऱ्या टप्प्यातला. वय वाढलं की बऱ्याच कुळांत केसांची एक जोडी वाढते. मी एकाच मुलाचा पहिलीतला आणि तिसरीतला फोटो ठेवून दोन वेगळी मुलं म्हणत होते. चित्रं अजून माझ्याकडे आहेत. ती चांगली आहेत, आणि नाव न देता तिसऱ्या टप्प्याचं वर्णन म्हणून ती कामालाही आली.

म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्यात आधी टप्पा ठरव. पहिल्या टप्प्यात डोळे कवचाला चिकटलेले असतात, दुसऱ्यापासून देठावर येतात. पोहायचे जे दोन जबडपाय आहेत त्यांच्या बाहेरच्या फांदीच्या टोकाचे लांब पिसांसारखे केस मोज. पहिल्या टप्प्यात चार, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात आठ, असे साधारण वाढतात. शेपटीकडचा सहावा खंड टेल्सनपासून, म्हणजे शेपटीच्या टोकाच्या भागापासून, सुटा झाला आहे का? पोटाच्या खंडांखाली पायांचे कोंब दिसतात का? एवढं पाहिलंस की तुझे सात म्हणजे एकाच टप्प्यातले सात आहेत, की तीन टप्प्यांतले दोन-दोन-तीन आहेत, हे कळेल. दुसरं निघालं तर तुझ्याकडचा मालमसाला आणखी कमी झाला. क्लार्क, कालाझान्स आणि पोल यांनी १९९८ साली खेकड्यांच्या पोरांची वर्णनं कशी लिहावीत याची शिस्त घालून दिली. प्रत्येक टप्प्याचे शक्यतो दहा तरी नमुने पाहावेत, अवयव ठरलेल्या क्रमाने सांगावेत, केस बुडापासून टोकाकडे मोजत जावेत. ती शिस्त कंटाळवाणी वाटते. पण मागे ज्यांनी ‘अमुक अवयव नेहमीसारखा’ असं लिहून सोडून दिलं, त्यांची वर्णनं आज कुणालाही वापरता येत नाहीत.

फॉर्मलिनचं मी बोलले नसते, पण बोलावंच लागेल. फॉर्मलिनमध्ये आकार छान टिकतो, म्हणून सहलीत तेच नेतात. डीएनए मात्र त्यात खराब होतो. तुझ्या सात जिवांकडून ती वाट आता जवळजवळ बंद झाली. पुढच्या वेळी जाळी वर आली की तिथेच, होडीत, नमुन्याचे दोन भाग कर. एक बोरॅक्स घातलेल्या चार-पाच टक्के फॉर्मलिनमध्ये, दुसरा पंचाण्णव टक्के अल्कोहोलमध्ये. अल्कोहोल भरपूर घे, पाणी कमीत कमी, आणि दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदल. बाटलीत आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाक. बाहेरच्या पेनच्या अक्षरांवर विसंबून मी एकदा आख्ख्या सहलीचे नमुने गमावले आहेत.

आता आई कशी शोधायची. वाटा तीन आहेत आणि बेळगावच्या मुलाला तिन्ही जमण्यासारख्या आहेत.

पहिली, आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची: अंडी पोटाशी धरलेली मादी मिळव. पिनियस वगैरे कोळंब्या अंडी थेट पाण्यात सोडतात, पण खेकड्याची मादी ती पोटाशी बाळगते, ही आपली सोय आहे. ओहोटीच्या वेळी खाडीच्या कडेला खारफुटीच्या मुळांत बघ. मासेमारी करणारी माणसं सोबत असली तर तासाभरात दाखवतील. त्यांना कुठल्या बिळात कोण हे आपल्यापेक्षा जास्त कळतं, त्यांना आदराने विचार.  अंडी फुटायला आली की त्यांचा रंग बदलतो आणि भिंगातून आत दोन काळे डोळे दिसतात. अशी मादी खाडीच्याच गाळलेल्या पाण्यात, हवा सोडून, अंधारात ठेव. पोरं बहुतेक रात्री बाहेर पडतात. एका कोपऱ्याला दिवा लावलास की तिकडे गोळा होतात, तिथून पिपेटने उचल. काही लगेच दोन्ही बाटल्यांत घाल, बाकीची लहान वाट्यांत वाढव. खायला आधी रोटिफर हे अतिसूक्ष्म जीव, मग अंड्यातून ताजा निघालेला आर्टेमिया, म्हणजे मिठागरातला बारीक कवचधारी. पाणी रोज बदलायचं आणि मेलेली पोरं रोज काढायची, यात एक दिवसही सुट्टी नाही. माझी पहिली तीन भांडी चौथ्या-पाचव्या दिवशी मेली आणि तिन्ही वेळा कारण एकच, शिल्लक राहिलेलं खाद्य. चिखलातला मोठा खेकडा, स्किला सेराटा, पाच झोइया आणि एक मेगालोपा अशा वाटेने जातो. काही कुळांत टप्पे कमी असतात. पण खरं सांगायचं तर पहिला टप्पा मिळाला तरी अर्धं काम झालं, कारण आता आईचं नाव तुझ्याकडे आहे आणि झोइया तिच्याच पोटातला आहे.

दुसरी वाट मेगालोपाची. रात्री धक्क्यावर दिवा सोडून सापळा लावला की मेगालोपा येतात. एक कात टाकली की त्याचा छोटा खेकडा होतो. तो काही महिने सांभाळला तर प्रौढाच्या खुणा दिसू लागतात. कात फेकू नकोस, प्रत्येक कात म्हणजे मागच्या अवस्थेचा पुरावा आहे.

तिसरी डीएनएची. खाडीतले प्रौढ खेकडे जमव, प्रत्येकाचा एक पाय अल्कोहोलमध्ये ठेव, त्यातून प्रजाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून घे, आणि मग अल्कोहोलमधल्या झोइयाच्या तुकड्याशी ताड. झोइया आख्खा कुटू नकोस. पोटाकडचा भाग दे, डोकं आणि अवयव स्लाइडसाठी ठेव. जुळलं तर प्रश्न मिटला. कशाशीच जुळलं नाही तरी ‘नवी प्रजाती’ म्हणायची घाई नको, कारण जागतिक साठ्यात आपल्या किनाऱ्याच्या खेकड्यांची नोंद अजून विरळ आहे. हे काम बेळगावात राहूनही होतं. सूक्ष्मदर्शक, ग्लिसरीन, बारीक टोकाच्या सुया, कॅमेरा लुसिडा हे चित्र गिरवायचं उपकरण आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा खानापूर, रामनगर, जोयडा, कद्रा करत कारवारला जाणारी वाट, एवढं पुरतं. मी असंच केलं. कारवारला विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्राचं केंद्र आहे, केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेची शाखा आहे, पलीकडे दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या लोकांना पत्र लिही, चित्रं जोडून लिही. चांगलं चित्र पाहिलं की लोक उत्तर देतात.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाने मला जास्त आनंद झाला. समुद्र नाही म्हणून या भागात काही नाही, असं समजू नकोस. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचार, नारू आठवतो का. पायातून दोऱ्यासारखा निघणारा तो रोग पाण्यातल्या सायक्लॉप्स या कोपेपॉडमुळे पसरायचा. कर्नाटकातल्या गावांनीही तो भोगला आहे. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ सालचा, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. तो गेला त्यात साध्या कापडाने पाणी गाळण्याचा वाटा फार मोठा. धोतराच्या घडीत जे अडकत होतं, ते म्हणजे तुझ्या जाळीत अडकतं तेच, प्राणिप्लवक. राकसकोपचं पाणी घे, किल्ल्याचा तलाव घे, गावातली विहीर घे. बारीक जाळीतून ओढलंस की कोपेपॉडचे नॉप्लियस मिळणारच. सहा नॉप्लियस अवस्था, मग पाच कोपेपोडिड, म्हणजे प्रौढासारख्या दिसू लागणाऱ्या अवस्था, मग प्रौढ. आपल्या तळ्यांतल्या डायाप्टोमस-कुळाची प्रजाती ठरते ती प्रौढ नराच्या पाचव्या पायावरून. त्यामुळे इथेही तोच धडा: नॉप्लियस पाहून प्रजाती सांगता येत नाही. पण अंडी धरलेली मादी एका वाटीत वेगळी ठेवली, तर तिच्या पोरांच्या सगळ्या अवस्था दोन-तीन आठवड्यांत स्वयंपाकघराच्या ओट्यावर बघून होतात. समुद्राच्या खेकड्याला लागणारे अर्धेसुद्धा कष्ट नाहीत. हात बसवायला याहून चांगली शाळा नाही.

आणि जांभ्याचे सडे. तू खानापूरचा, तुला जांबोटी-चोर्ल्याकडचे सडे सांगायला नकोत. पावसात त्यांवर वीतभर खोल डबकी साचतात आणि दसऱ्यापर्यंत आटून जातात. सह्याद्रीच्या अशा डबक्यांत फेरी श्रिंप म्हणून ओळखले जाणारे, पाठीवर उताणे पोहणारे कवचधारी होतात. त्यांची अंडी कोरड्या मातीत उन्हाळा काढतात. स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस ही प्रजाती २०१४ साली वर्णिली गेली, म्हणजे मोठा प्राणी, उघड्या डोळ्यांनी दिसणारा, आणि आत्ता आत्ता नाव मिळालेला. एप्रिलमध्ये अशा कोरड्या खळग्यातली ओंजळभर माती कागदी पिशवीत आण, घरी उथळ भांड्यात पावसाचं किंवा क्लोरीन नसलेलं पाणी घाल आणि रोज सकाळ-संध्याकाळ भिंगाने बघ. काही निघालं तर नॉप्लियसपासून प्रौढापर्यंत सगळी साखळी तुझ्या डोळ्यांसमोर होईल, आईबाप शोधत फिरावं लागणार नाही. आणि कधी साखळीच नसते, हेही कळेल. शिंपल्यासारख्या दोन झडपांचा सायक्लेस्थेरिया हिस्लोपी पहिल्यांदा नागपूरच्या पाण्यातून, स्टीफन हिस्लॉप यांनी जमवलेल्या नमुन्यांवरून, १८५९ साली जगाला कळला. त्याची मादी पिल्लं कवचातच वाढवते. त्याच्या बहुतेक भाऊबंदांना मोकळे नॉप्लियस असतात, याला नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात. खरोखरच नवी प्रजाती निघाली, तर जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणे तिची माहिती नेमून दिलेल्या संग्रहाला कळवावी लागते आणि नमुना तिथे द्यावा लागतो. असा एक संग्रह म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पुण्यात आकुर्डीला असलेलं केंद्र. नुसत्या ऑनलाइन नियतकालिकात छापणार असशील तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंद हवी, नाहीतर नाव ग्राह्य धरत नाहीत. पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणारी नियतकालिकं टाळ. बेळगावचं नाव द्यायची तुझी इच्छा आहे असं तू लिहिलंस, ते मला आवडलं. फक्त स्पेलिंग विचार करून ठरव. आपल्या गावाचं सरकारी नाव २०१४ साली बदललं, प्रजातीचं एकदा छापलेलं स्पेलिंग गावाबरोबर बदलत नाही.

तर आत्ता तू काय करायचंस. सातही झोइयांचा टप्पा ठरव. दोन नमुने ग्लिसरीनमध्ये उघड, बाकीच्यांना हात लावू नकोस. प्रत्येक अवयवाचं चित्र काढ, काट्याची लांबी आणि कोन मोज, आणि ‘कारवारच्या पाण्यातला अनोळखी सेसार्मिड किंवा ग्रॅप्सिड झोइया, टप्पा अमुक’ अशी वहीत नोंद कर. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते. पाऊस ओसरला की सप्टेंबरच्या शेवटी खाडीवर जा, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी ओहोटी धर आणि अंडीवाल्या माद्या शोध. तुझ्या मार्गदर्शकांना हे उत्तर दाखवायला माझी हरकत नाही. त्यांना नावाची घाई असेल, तर त्यांच्याशी वाद घालू नकोस, अल्कोहोलच्या बाटल्या घेऊन आधी कारवारला जाऊन ये. वाढवलेल्या मादीच्या पोटातून तुझाच वाकड्या काट्याचा झोइया बाहेर आला, तर त्या रात्री किती वाजले असतील ते बघू नकोस, मला फोन कर.